फ्यूज आणि पंपाच्या मधे

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यामागं
दस्तगीरचाचांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं,
म्हणाले, "आधी पोट बघू, मग नसा."

हातपंप मारला. स्क्रूशी
फेस, फेस, मग एकच बुडबुडा,
मग सरळ धार. बोटावर घेऊन हुंगली.
"डिझेल येतंय. उपाशी न्हाई पिकअप."

दोन वायरींचा दिवा
फ्यूजपाशी पेटला,
पंपाच्या सोलेनॉइडपाशी नाही.
मधे सहा फूट काळोख,
रबरी मॅटखालून, उंदरांच्या वाटेनं.
बेचाळीस डिग्रीत मी टॉर्च धरून;
घाम पत्र्यावर पडे, तिथंच सुके.

मग सापडला जोड. त्यावर टेप नव्हती.
मागावरचा सुती दोरा, घट्ट,
आणि विणकराची गाठ.
रात्रपाळी उरकून भाड्याला निघणाऱ्या अण्णाची.
तुळजापूर घाटात असेल,
टेप संपली असेल.

"गाठ अजून पक्की हाय," चाचा म्हणाले,
"आतलं तांबं तेवढं हिरवं पडलंय."
इंचभर कापलं, सोललं, पिळलं.
चावी फिरवली. टक.
दुसऱ्या सेल्फला धूर.

दोरा मी खिशात टाकला.
चाचांनी दोनशे सांगितले.
घासाघीस करून दीडशे दिले.