युरागिम

खारघर, तिसरा मजला. झुल्हुमोर ओपा
समरकंदहून आलेल्या, झडप बदलायला.
मी दुभाषी, रोजंदारीवर.

युराक म्हणजे काळीज.
'माझं' असं सुटं पुढे ठेवायचं नाही,
मागून एक 'इम' चिकटतो
आणि माझं होताक्षणी त्यातला क मऊ पडतो:
युरागिम.
त्यावर 'दा'. युरागिमदा, माझ्या काळजात.

आपलंही तसंच की.
एकटं असतं तोवर काळीज,
'त' लागला की काळजात;
मधली दीर्घ ई कुठे गेली
कुणी विचारत नाही.

फॉर्मवर मी लिहिलं: छातीत दुखतं.

घरी निघताना माझा गाल धरून म्हणाल्या,
युरागिम.
डॉक्टर दचकले, परत दुखतंय?
म्हटलं, नाही.
मला हाक मारली.