रिटच

अंबू, तू फोनवर विचारलंस, काय काय करतात गं तिथं,
तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं,
म्हणून नुसतं "काही नाही, टोचतात" म्हणाले.

टोचतात हे खरंच.
पण त्याआधी पाऊण तास तोंडाला पांढरं मलम फासून
टिळकवाडीतल्या गार खोलीत बसवतात.
वर प्लास्टिक, गोकाकचा करदंट बांधून देतात तसं.
ओठ आपले राहत नाहीत.
शेजारी कित्तूरची एक नवरी मुलगी होती,
तिला मी माझं नाव "मावन" सांगितलं
आणि दोघी हसलो, म्हणजे हसलो असणार.

कागद कन्नडमध्ये, दुसरी प्रत इंग्रजीत.
फिलू सिस्टरनं कँपातल्या मराठीत वाचून दाखवला:
सूज येते. निळं पडतं. क्वचित गाठ राहते.
रक्त पातळ व्हायची गोळी घेतेस काय?
तापानंतर ओठावर जर मुततो काय तुझ्या?
सगळ्याला नाही म्हटलं आणि सही केली, मराठीत.

मग डॉक्टर हिरेमठ. बाई हाताची हलकी.
"नोवु आगल्ल," म्हणते, दुखत नाही,
आणि सुई टेकवताना, "स्वल्प आगतैति."
दोन्ही खरं.
गालावर मुंगी, हनुवटीवर गांधीलमाशी,
डोळ्याखाली तर नुसता आवाज येतो,
भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा.
औषध माशापासून काढलेलं असतं, हे आधी विचारून घे.
मी सोमवार धरते आणि दिवस नेमका सोमवार.
देवाला म्हटलं, खाल्लेलं नाही, टोचून घेतलंय.

आरशात पाहिलं तर सगळे फुगवटे,
डांबराआधी खडी टाकलेला चोर्ल्याचा रस्ता.
दुसऱ्या दिवशी उतरले.
गालावरचा निळा डाग मात्र दहा दिवस राहिला,
आणि मी कुणाला काही सांगितलं नव्हतं,
तेव्हा अख्खी गल्ली आमच्या ह्यांच्याकडे
दहा दिवस वाईट नजरेनं बघत होती.
बिचारे. त्यांना अजून कारण माहीत नाही.

एका खेपेचे नऊ हजार. खेपा तीन.
मी जुना एन्लार्जर विकला, खानापूर रोडच्या हॉटेलवाल्याला.
त्यानं त्यात रंगीत बल्ब घालून गल्ल्याशेजारी ठेवलाय.

तीस वर्षं लोकांच्या सुरकुत्या पुसल्या, अंबू.
निगेटिव्हवर सुरकुती म्हणजे उजेडाची भेग,
टोकदार पेन्सिलीनं ती भरायची,
की कागदावर गाल सपाट.
पासपोर्टला कमी, लग्नाला जास्त,
आणि गेलेल्या माणसाच्या फोटोला घरचे सांगतील तेवढं.
त्यामुळं फिलूनं मला छताच्या दिव्याखाली उभं करून
"आधीचा" फोटो काढला, सावली प्रत्येक रेघेत उतरलेली,
आणि "नंतरचा" काढताना तोंडासमोर गोल दिवा आणला,
तेव्हा मी म्हटलं, बाई, हे काम मीपण केलंय.
ती हसली. दिवा हलवला नाही.

म्हणून तिसऱ्या खेपेनंतर महिन्यानं मी आमच्याच स्टुडिओत बसले.
तेच स्टूल, तोच डावीकडचा दिवा.
बटण मुलग्याला दाबायला लावलं.
कातडीनं पाणी धरलंय, खोटं का बोलू,
रात्री भिजवलेल्या मटकीइतकं.
वय आहे तेच आहे.
आणि भुवयांमधली उभी रेघ,
निगेटिव्हवर डोळे बारीक करकरून पडलेली,
ती आहे तिथंच.
तिची सुई वेगळी, पैसे वेगळे,
आणि चार-सहा महिन्यांत ती परत येते म्हणे.
मी अजून काही ठरवलेलं नाही.

तू ये. रिकाम्या पोटी येऊ नकोस, भोवळ येते.
घरात कार्य असलं तर दोन-तीन महिने आधी ये.
आणि निपाणीच्या गाडीतून उतरलीस
की आधी दुकानात ये, तिकडं नंतर.
तुझा आधीचा फोटो मी काढते.