शेरा

आमच्या रजिस्टरात ढगांना रकाना नाही.
मंडळनिहाय पर्जन्यमान, मिलिमीटरमध्ये,
आजचं, आजवरचं, गेल्या साली याच तारखेचं.
सकाळी आठला फोन फिरवायचे, आकडे घ्यायचे
आणि बहुतेक वेळा लिहायचं : निरंक.

अकरा वर्षं मी निरंक लिहितोय
रेणापूरच्या तहसिलात, खिडकीजवळच्या टेबलावर.
खिडकी पश्चिमेला. दोष असलाच तर तिचा.

पहिल्यांदा मोबाइल वर धरला
तेव्हा चहावाला किटली घेऊन थबकला,
"काय काढायलाव?"
"ढग."
"पडतंय का मग आज?"
"नाही."
"मग कशाला काढायलाव?"
याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

पण आता आम्ही पाच जण आहोत.
कंधारच्या वाहेदाबाजी रात्रपाळी संपली की
दवाखान्याच्या पायरीवरून पहाट धाडतात,
हातावरचं डेटॉल वाळायच्या आत.
उदगीरचा गुंडेराव लाइनमन.
त्याच्या प्रत्येक ढगातून तीन तारा जातात.
म्हणतो, त्या माझ्याच आहेत, राहू द्या.
अंबाजोगाईचा प्रज्ञाशील, पॉलिटेक्निकचा,
लॅटिन नावं सांगतो, कितव्या फुटावर ते सांगतो,
आणि निलंग्याचे हलगे अप्पा, चित्रकलेचे मास्तर,
पेन्शनीत आल्यापासून कुणाचंच ऐकत नाहीत :
"क्युम्युलस कसला रे,
हा पिंजाऱ्याच्या दुकानातला सोमवार."

ठिकाण, वेळ, दिशा. बाकी काही लिहायचं नाही.
सुविचार टाकणाऱ्याची लाइट कापीन
असं गुंडेरावनं पहिल्याच दिवशी बजावलंय.

भादव्यात अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
डोळ्यावर हिरवी पट्टी, फोन सुनेच्या ताब्यात.
तरी तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज आला :
"बघू नका म्हणाले डॉक्टर.
ऐकू नका असं कुठं म्हणाले? बोला."

त्याच दिवशी, पाच बेचाळीसला,
माझ्या खिडकीत एकच ढग उभा राहिला
बालाघाटावर कोपर टेकून.
मी काढला. पाठवला. पाठोपाठ प्रज्ञाशीलचा आला :
अंबाजोगाई, पाच बेचाळीस, पूर्व.
त्याचा सोन्याचा, माझा काळा,
आणि डोक्यावरची चपटी ऐरण मात्र तीच,
तोच तुटका कान, उलट्या बाजूला.
एकाच ढगाचं तोंड आणि पाठ.

"बोला," अप्पा म्हणाले.
मला बोलायची सवय नाही.
मी अहवाल देतो.
तरी म्हणालो, अप्पा, माझ्याकडून
ओल्या फडक्यानं पुसलेला फळा आहे,
आणि फक्त कडेला कुणीतरी खडू ओढलाय,
हात न उचलता.
प्रज्ञाशील म्हणाला, माझ्याकडून
आजीनं तुपात सोडलेली पुरी आहे, आत्ता फुगली.
(लॅटिन त्या दिवशी त्याला आठवलं नाही.)

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग अप्पा : "आणि मधे?
मधून कसा दिसतोय? मधे कोण राहतं आपलं?"

मधे पानगाव.
पानगावात आपलं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला
मी पानगाव मंडळाला फोन लावला.
कोतवाल म्हणाला, "निरंक लिवा साहेब."
फोन ठेवायच्या बेतात होतो, तर म्हणाला,
"पण सावली पडली होती काल. लई दाट.
अर्धा घंटा तरी. कुत्रीबी उठून बसली.
बाया दारात आल्या. कुणी काय बोललं नाही.
मंग गेली."

मी लिहिलं : निरंक.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. अकरा वर्षं कोराच.
त्यात पेन्सिलनं, बारीक अक्षरात,
सावली, अंदाजे अर्धा तास.

दुपारी फाइल परत आली.
साहेबांची सही त्याच्यावरही झाली होती.
पानाचा फोटो काढला, पाठवला.
ठिकाण, वेळ लिहिली.
दिशा काय लिहावी ते कळेना.