प्रश्न क्रमांक एकोणीस

लेने नदीच्या खोऱ्यात, काळ्या पाटीची छपरं संपतात तिथे
ह्युल्सबेक यांचा कारखाना. चार गाड्या मावतील एवढाच.
मी नऊला पोचले, भाड्याच्या गाडीतून,
आणि तिच्या मागच्या दारात
इथलीच एक स्प्रिंग आहे
हे मला कालच कळलं,
पुरवठादाराच्या पुरवठादाराचा पुरवठादार
शोधता शोधता.

अकरा मिलिमीटर. वजन अर्धा ग्रॅम.
किंमत चार सेंट, त्यातही घासाघीस झालेली.
मुलांनी चालत्या गाडीत आतून दार उघडू नये
म्हणून जी कळ असते, तिच्या पोटात ही बसते.
ही नाही तर कळ नाही, कळ नाही तर दार नाही,
दार नाही तर...
पुढचं आमच्या साहेबांना पाठ आहे.
ते तासाचा आकडा सांगतात, आवाज खाली आणून,
घरातलं आजारपण सांगावं तसा.

आग? एकदा, लहानशी, नाताळात.
संप? फ्रीडहेल्म ह्युल्सबेक हसले. आम्ही नऊ जण आहोत, बाई.
तार कुठून येते? पूल बंद असताना ट्रक कुठून येतो?
गावातून. बेकरीची भिंत खरवडत.
पूर?
ते उठले, दाराच्या चौकटीशी गेले.
चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, नातीची उंची, दर वाढदिवसाची.
त्यातल्या एका रेघेवर बोट ठेवून म्हणाले,
इथवर. ती सात वर्षांची होती तेवढं.
मी रकान्यात लिहिलं: एक मीटर एकवीस.

मग यंत्र. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं.
त्याच्याजवळ गुल्स्युम आयदोअदू, वय एकसष्ट,
जिचा बाप याच दारातून तार ओढायला आला होता
एक सूटकेस घेऊन, दोन वर्षांसाठी.
कानातले बोळे तिने गळ्यात लटकवलेले.
मी सुरक्षेच्या रकान्यात तेही टिपलं.
मध्येच तिने हात वर केला, यंत्र थांबवलं,
एक खिळ केसभर फिरवली, पुन्हा सुरू.
मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.
कसं कळलं?
दूध उतू जायच्या आधी कळतं ना, म्हणाली, तसं.
शिकाऊ मुलगा होता, यानिक. चांगला कान होता त्याला.
पार्सलांच्या गोदामात गेला. तिथे पगार वेळेवर.
बोलताना ती उजव्या गुडघ्यावर भार देत नव्हती.

प्रश्न क्रमांक एकोणीस:
अशी कोणी व्यक्ती आहे का, जिच्यावाचून उत्पादन थांबेल?
ह्युल्सबेक यांनी तिच्याकडे पाहिलं.
तिने माझ्याकडे.
मी पेनाच्या टोपणाकडे.

हो म्हटलं की खाना लाल होतो.
लाल झाला की दुसरा पुरवठादार शोधतात,
दुसरा सापडला की पहिला कशाला, असं कुणीतरी विचारतं,
आणि वर्षाने या दाराला कुलूप. मग अहवालात लिहायचं,
धोका होताच, आम्ही वेळीच ओळखला.
मेख इथे आहे.
बर्फ किती जाड आहे ते पाहायला
आम्ही त्यावर उड्या मारतो.

नाही म्हटलं तर खोटं.
आणि तो गुडघा मार्चमध्ये टेबलावर जाणार आहे.

संध्याकाळी हॉटेलच्या मागे गाडीत बसले.
मागचं दार उघडून ती कळ वर-खाली केली, बऱ्याच वेळा.
टक. टक. एकसारखं.
पलीकडे कुत्रा फिरवणारा माणूस थांबून बघत होता.

सहाच्या मुदतीआधी मी लिहिलं, हो.
खाना लाल झाला.
खाली शेऱ्याची जागा, दोनशे अक्षरं, एकही जास्त नाही.
लिहिलं: ऑर्डर हलवू नका. शिकाऊ माणूस द्या,
त्याचा पगार आपण भरा, स्प्रिंगमागे एक सेंट वाढवा.
यांत्रिक तपासणी पुरेशी नाही, कारण ती ऐकते ते
इथे अक्षरं संपली.

'कारण'पासून पुढचं खोडलं.
थोडी जागा झाली.
तिथे लिहिलं, कृपया.