डावीकडचा तिसरा

रात्री मशीन उघड्या जमिनीवर ठेवायचं नसतं.
पहिल्याच दिवशी शिकलो हे.
पॉप्लरचे दोन ओंडके टाकायचे,
डोझर त्यांच्यावर चढवायचा, मग इंजिन बंद.
नाहीतर सकाळी पट्टे मातीला घट्ट,
आणि मग पहार, उकळतं पाणी, शिव्या,
याच क्रमाने.

सुसामीरच्या खोऱ्यात नोव्हेंबर उलटला
की डेपोत उरतो आम्ही तिघं.
तुर्दुमामात चालवतो, इशेनकुल दुरुस्त करतो,
मी बॅटरी धरतो.
कुत्रा धरून चार, पण त्याला पगार नाही.

रस्त्यावरून दिसतं ते पातं,
बर्फाची भिंत कुशीवर लोटणारं.
ट्रकवाले त्यालाच हात करतात.
खाली, पट्ट्याच्या पोटात,
एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच,
भोपळ्याएवढे लोखंडी रोलर
चौदा टन पाठीवर घेऊन गरगरत असतात,
त्यांना कोण हात करणार?

इशेनकुल म्हणतो, डोझर रस्त्यावर चालतच नाही.
स्वतःची वाट पुढे अंथरतो,
तिच्यावरून जातो, मागून गुंडाळतो,
पुन्हा तीच पुढे.
म्हणजे या दहा जणांनी घाट कधी पाहिलेला नाही.
त्यांच्या ओळखीच्या एकोणचाळीस कड्या,
चाळिसावी आली की ती पहिलीच असते.

जानेवारीतली संध्याकाळ. भुरभुर चालू होती.
मशीन ओंडक्यांवर चढलं, गप्प झालं.
नऊ रोलरांवर पांढरं साचत गेलं.
डावीकडचा तिसरा तेवढा काळा, ओला,
त्याच्यावर पडेल तो कण विरघळे.
मला बरं वाटलं बघून.
म्हटलं, हा एकटाच उबदार आहे.
इशेनकुलने हातमोजा काढला,
तळवा टेकवला, चटकन मागे घेतला.
"ऊब कसली? ताप आहे हा.
तेल गेलंय याचं."

पट्टा सैल केला. जॅक. चार बोल्ट,
त्यातला एक हटून बसलेला, त्याला ज्योत दाखवली.
रोलरच्या आत दोन पोलादी चकत्या असतात,
आरशासारख्या घासलेल्या,
तोंडाला तोंड लावून फिरणाऱ्या,
इतक्या जवळ की तेल बाहेर नाही, चिखल आत नाही.
त्यांच्यामध्ये वाळूचा कण शिरला होता.
एकच. बॅटरी मीच धरली होती.
झिजणं म्हटलं की लोकांना सुगंध आठवतो.
इथे जळक्या तेलाचा वास तीन दिवस नाकातून जाईना.

डिझेलच्या फडक्याने कूस पुसली
तर खाली ठोकलेली खूण: स. ८६.
"लेथवर कोण होतं तेव्हा?"
तुर्दुमामातने विचारलं, ठाऊक असून.
इशेनकुलने उत्तर दिलं नाही,
घसरगाडी आणायला सांगितली.

सायराकानच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
रोलर चुलीजवळ ठेवला, तिने भोवती अंगठा फिरवला,
पूर्ण एक फेरा, मग उलटा.
"घाईत होते त्या दिवशी. पाव मिलिमीटर जास्त ठेवलाय.
संध्याकाळी तुझ्या बहिणीचं लग्न होतं.
लाल कोट होता माझा."
मग, "किती चालला?"
"हा सदतिसावा हिवाळा."
"मग रडतोस काय? भर पुन्हा. लोखंड आहे अजून.
आणि तू रे पोरा, काठ जपून घास,
काठ गेला की साखळी उतरते."
चहा ओतताना कपाच्या कडेवर
तिचं बोट होतं, कुठवर भरलाय ते कळायला.

चार दिवस घाट बंद राहिला.
पलीकडे मेंढ्यांचे ट्रक, पिठाचे ट्रक,
फोनवर फोन.
आम्ही थरावर थर वितळवून भरत होतो, घासत होतो.
मी जुन्या खुणेशेजारी नवी ठोकू का विचारलं.
इशेनकुल म्हणाला, आधी चालू दे.

पाचव्या दिवशी रस्ता उघडला.
एकाने जाता जाता पात्याला हात केला,
दुसऱ्याने पिठाचं अर्धं पोतं उतरवलं.

त्या रात्री दहाही रोलर पांढरे झाले,
सारखे, थंडगार.
तरी दोन वाजता इशेनकुल उठला,
हातमोजा काढून
बाहेर गेला.