सावलीत वाळवायची माती

रात्री साडेअकराला लाईट जाते
आणि माझ्या हातात तेवढा एक चौकोन उजळत राहतो.
त्यात बारा पात्यांची सुरी आहे.
विमानप्रवासात मानेला लावायची उशी आहे.
जिंतूरच्या पुढं जाऊन मला चार वर्षं झाली.
खाली आकडे उलटे पळतायत,
अजून एकोणीस मिनिटं, अजून अठरा,
आणि माझा अंगठा माझं ऐकत नाही.

खोकं फोडताना उज्वला एवढंच म्हणायची,
"बनी तो बनी, नाही तर परभणी,"
आणि पुठ्ठा घडी घालून पलंगाखाली सरकवायची.
पलंगाखाली पुठ्ठ्यांचा दुसरा पलंग झाला होता.

दिवसा मी माती तपासतो. अठरा वर्षं झाली.
लोक कापडी पिशव्या घेऊन येतात,
आत चिठ्ठी: नाव, गट नंबर, खोली.
मी अहवाल लिहितो. पालाश भरपूर. नत्र कमी. जस्त कमी.
आणि दर वेळी तोंडानं सांगतो,
जे आहे ते पुन्हा टाकू नका,
जे नाही तेवढंच टाका.

पोखर्णीचा एक म्हातारा ऐकता ऐकता
माझ्या दोन्ही मनगटांकडं बघत होता.
एकावर घड्याळ,
दुसऱ्यावर पावलं मोजणारा पट्टा.
"साहेब, तुम्हाला काय कमी हाय ओ?"
सहज विचारलं त्यानं. टोमणा नव्हता.
म्हणूनच लागलं.

त्या संध्याकाळी एक रिकामी पिशवी घरी आणली.
चिठ्ठीवर लिहिलं: सुरी, बारा पाती.
खोलीच्या रकान्यात लिहिलं: वीतभर.
तोंड बांधून न्हाणीजवळच्या खिळ्याला टांगली.
शनिवारच्या बाजारापर्यंत सोडायची नाही.

ओली माती उन्हात वाळवत नाहीत,
हे मी नव्या पोरांना दर वर्षी शिकवतो.
उन्हात ती करपते, खोटं बोलते.
सावलीत पसरायची, आणि तिच्यावर बसून राहायचं नाही.
इच्छेवर रागावलं की तीही करपते,
आणि पुढच्या महिन्यात दुप्पट खर्चाची होऊन येते,
हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी पिशवी सोडली.
सुरी वाळून गेली होती.
पुढच्या शनिवारी उशी.
मग बूट, मग ते आपोआप झाडणारं यंत्र,
मग कशाची तरी चिठ्ठी,
जिच्यावरचं माझंच अक्षर मला लागेना.

सगळं काही नीट झालं असं नाही.
दसऱ्याला रंग बदलणारा दिवा मागवलाच.
निळा, मग जांभळा, मग कसला तरी पोपटी.
तो अजून आहे. पाहुणे आले की लावतो,
आणि खरं सांगतो, मला आवडतो.

एक पिशवी तीन शनिवार ओलीच राहिली.
तिच्यात कंपनीचं नाव नव्हतं, फोटो नव्हता.
ओट्याशी उभं राहून उज्वलाचे गुडघे सुजतात,
तिच्यासाठी उंच स्टूल.
बाजारात मुखीद सुताराकडून बाभळीचं करून घेतलं.
त्यानं उंची विचारली, तर मला सांगता येईना.
इतक्या वर्षांत ओटा कधी मोजलाच नव्हता.
घरी जाऊन सुतळीनं माप आणलं.

परवा गंगाधर कुरियरवाला
गल्लीतून जाता जाता थांबला.
"काका, तब्येत बरी हाय ना?
लई दिवस झाले, तुमचं काहीच येईना."
मी म्हटलं, बरी आहे.
त्याला पाणी दिलं.
तो स्टुलावर बसून प्याला,
स्टुलाला वरून थोपटलं, आणि गेला.

आज पुन्हा लाईट गेली आहे.
चौकोन पुन्हा उजळलाय, आकडे पळतायत.
या खेपेला एक दुर्बीण आहे,
चंद्रावरचे खड्डे दिसतील म्हणे.
मी फोन पालथा ठेवतो,
अंधारात चाचपडत चिठ्ठी काढतो,
नाव लिहितो.
खोलीच्या रकान्याशी पेन्सिल थांबते.
गच्चीवर चंद्र आहेच, खड्ड्यांसकट.
रकाना तसाच कोरा ठेवून
पिशवीचं तोंड बांधतो.