फुकटची रात्र

पॉइंटांची मुदत एकतीसला संपत होती,
म्हणून दाभोळकर कॉर्नरच्या हॉटेलात
एक रात्र घेतली.
घरापासून रिक्षाचे पन्नास रुपये.

काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "कुठनं आलायसा?"
"राजारामपुरी, आठवी गल्ली."
तो हसला. मीही.

त्याला काय सांगू, पॉइंट कशाचे.
ह्यांचं आयसीयू, अठरा दिवस,
इंजेक्शनं, शेवटी ती ॲम्ब्युलन्स.
प्रत्येक बिलामागं मोबाईल वाजायचा:
अभिनंदन, पॉइंट जमा.

पाचव्या मजल्यावरनं आमची गच्ची सापडते.
निळी टाकी. दोरीवर राहून गेलेला टॉवेल.
स्वयंपाकघरातला दिवा मी चालूच ठेवलाय,
इथनं बघितलं तर
कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

उशा चार आहेत.
नाश्ता दोघांचा धरलाय,
सात ते दहा.